सरांचं उलट कार्ड

आमच्या शब्दकोशात माणसांना नावं नसतात. कार्डावर बोलणारा म्हणून 'गवंडी', 'थोरली जाऊ', 'तिकीट तपासनीस' एवढंच लिहायचं, हा सरांचा नियम. सहा वर्षं अशी कार्डं लिहून मलाही तीच खोड लागली आहे, त्यामुळे ही हकिकतही मी तशीच सांगणार. सर म्हणजे आमचे संपादक. वेलांटीकाका म्हणजे आमचे मुद्रितशोधक. ऱ्हस्व-दीर्घ पकडता पकडता त्यांचे केस गेले, वेलांट्या तेवढ्या राहिल्या. आणि मी कार्डवाली, तात्पुरती.

तात्पुरती म्हणजे किती, तर सहा वर्षं. या हकिकतीच्या दीड महिना आधी कोश चालवणाऱ्या मंडळाचं पत्र आलं होतं. ठरलेल्या शुक्रवारी दुपारी चारच्या आत माझा अर्ज सरांच्या सहीनिशी मंडळात पोचला तर मी कायम. नाही पोचला तर जागाच बंद, आणि सोमवारपासून मी घरी. पत्रात इतकं स्वच्छ लिहिलं होतं की वेलांटीकाकांना त्यात एकही चूक सापडली नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. अर्ज मी भरून दिलेला होता. पाच आठवडे तो सरांच्या टेबलावर होता, त्यांच्या डाव्या कोपराखाली. सही तेवढी होत नव्हती.

सर 'नाही' म्हणाले असते तर मी भांडले असते. मला भांडता येतं. मी सरळ बोलणारी बाई आहे, आमच्या घरात सगळ्या तशाच. पण सर 'नाही' म्हणत नव्हते आणि 'हो'ही म्हणत नव्हते. ताकास तूर लागू देत नव्हते.

त्यात सोमवारी माझ्याकडे शब्द आला, 'डिफ्लेक्शन'.

आमचा कोश रोजच्या बोलण्याचा. लोकांच्या तोंडात रुळलेले परके शब्दही आम्ही घेतो, आणि त्यांच्या शेजारी आपले शब्द ठेवतो. 'अ'पासून 'ड'पर्यंत यायला अकरा वर्षं लागली, कारण सरांचे नियम. पहिला नियम, वाक्य पुस्तकातलं नको आणि मनातलंही नको, आपल्यापैकी कुणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. दुसरा, त्या वाक्याच्या आधी समोरचा काय बोलला तेही लिहायचं. तिसरा नियम सगळ्यात जाचक. प्रत्येक नोंदीला एक पिवळं उलट कार्ड लागतं. म्हणजे ज्या तोंडून शब्दाचा अर्थ दाखवणारं वाक्य आलं, त्याच तोंडून त्याच्या विरुद्ध वागण्याचंही वाक्य यायला हवं. सर म्हणतात, सावली बघितल्याशिवाय झाडाची उंची कळत नाही. म्हणायला काय जातंय. 'डाफरणे'ची चौदा कार्डं वेलांटीकाकांनी एका दुपारात जमवली, सगळी आमच्या खालच्या मजल्यावरच्या टायरवाल्याची. उलट कार्डासाठी मात्र तो गोड बोलेपर्यंत आम्ही दोघं तीन आठवडे जिन्यात कान देऊन उभे. शेवटी एका हवालदाराची मोटारसायकल पंक्चर झाली आणि आमची नोंद पुरी झाली.

'डिफ्लेक्शन'चे पहिले दोन अर्थ आधीच लागले होते. पहिला वाकण्याचा. एका घरात छताची तुळई मधोमध खाली आली होती. घरमालकीण म्हणाली, "ही वाकलीय." इंजिनिअर म्हणाला, "वाकली नाही, थोडं डिफ्लेक्शन आहे. चालतं तेवढं." दुसरा अर्थ खेळातला. गोलरक्षकाला मित्रांनी विचारलं, "सुटला कसा?" तो म्हणाला, "मी धरलाच होता हो, आपल्याच गड्याच्या गुडघ्याला लागून डिफ्लेक्शन झालं." दोन्ही कार्डं वाचून माझ्या लक्षात आलं की तुळई वाकलेली आणि चेंडू वळलेला असला, तरी त्या दोघा बाप्यांनी खरं तर प्रश्नच वळवला होता. तोच तिसरा अर्थ, आणि तोच माझ्या वाट्याला आला. अंगावर आलेला प्रश्न दुसरीकडे वळवणे.

या अर्थाला आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही. आपले लोक पाणी जपून वापरतील, पण या कामाला शब्द सढळ हाताने. फक्त सगळे सारखे नाहीत. टाळाटाळ कामाची होते. उडवाउडवीत थोडा उद्धटपणा लागतो. टोलवाटोलवीला कमीत कमी दोन खिडक्या आणि मधे एक दमलेला माणूस हवा. वेळ मारून नेणाऱ्याला निदान घाम तरी फुटतो. वेलांटीकाका 'वड्याचं तेल वांग्यावर' घ्या म्हणून हटून बसले होते. मी म्हटलं, "काका, तो राग वळवणं झालं, प्रश्न नव्हे." ते म्हणाले, "वळवलं ना शेवटी?" यावर आमचं पाऊण तास वाजलं. मग 'नाचता येईना, अंगण वाकडं' निघालं आणि अजून पाऊण तास गेला. मला हवा होता तो शब्द 'बगल देणे'. त्यात आवाज नसतो, घाम नसतो. प्रश्न समोरून येतो, माणूस जरासा बाजूला होतो, आणि प्रश्न आपला पुढे निघून जातो.

संध्याकाळी घरी आत्याला सांगितलं. मी आत्याजवळ राहते. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुया टोचते. बाकीचे 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' म्हणतात. आत्या 'दुखेल' म्हणते, आणि मग दुखतं. तिच्याकडे बगल सापडणार नव्हती.

"वाक्यं कुठून आणू गं?" मी विचारलं.

"अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझ्या सरांच्या खोलीत जा. रोज एकदा सही माग आणि ते काय म्हणतात ते लिहून घे. सही मिळाली तर सही, नाही तर कार्ड."

आत्याचा हिशेब मला पटला. मंगळवारी सकाळी दहाला मी गठ्ठाभर कोरी कार्डं घेऊन सरांच्या टेबलासमोर उभी राहिले.

"सर, अर्जावर सही करता का?"

सरांनी मान वर केली. अगदी प्रेमाने बघितलं. "तुझ्या अक्षरात 'ण' फार सुरेख येतो. कुणी शिकवला?"

मी सांगितलं, शाळेत बाईंनी. मग त्या बाईंची चौकशी झाली, बाईंच्या 'ळ'ची झाली, आणि वीस मिनिटांनी मी बाहेर येऊन खुर्चीवर बसले तेव्हा मला फार बरं वाटत होतं. हीच तर सरांची करामत. ते प्रश्न घेतात आणि बदल्यात काहीतरी छान हातात ठेवतात. माणूस खूश होऊन जिना उतरतो आणि टायरवाल्याच्या दुकानापाशी त्याला आठवतं की आपण कशाला गेलो होतो.

मी कार्ड लिहिलं आणि परत आत गेले.

"सर, अर्ज तुमच्या हाताखालीच आहे."

"हाताखाली म्हणतेस, पण हा तर कोपर. कोपराखाली असं कुणी म्हणत नाही. का बरं?"

बुधवारी मी म्हटलं, "सर, शुक्रवार परवा आला."

"परवा," सर खुर्चीत मागे रेलले. "गेलेल्या दिवसालाही परवा आणि येणाऱ्यालाही परवाच. एवढी शहाणी भाषा, आणि इथे तिला पुढचंमागचं कळत नाही. कमाल आहे की नाही?"

कमाल होती. मी कार्ड लिहिलं.

गुरुवारी मी वाक्यच करायचं नाही असं ठरवलं. वाक्य केलं की त्यातला एखादा शब्द धरून सर निसटतात. आत गेले आणि नुसतं म्हटलं, "सही."

सर म्हणाले, "माझ्या पेनातली शाई संपत आलीय वाटतं."

मी माझं पेन पुढे केलं. त्यांनी ते उजेडात धरलं, निबेचं कौतुक केलं, "अशी निब हल्ली मिळत नाही" म्हणाले आणि पेन खिशाला लावलं. तासाभराने मी दुसरं पेन घेऊन गेले. तेही गेलं. म्हणजे सही नाहीच, वर दोन पेनं गेली, आणि तिसरं आत्याने वाढदिवसाला दिलेलं होतं म्हणून मी पुढे केलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे एकतीस कार्डं झाली. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा अभिमान वाटत होता. सोमवारी नोकरी जाणार, आणि हातात जन्मात मिळाली नसती अशी नोंद. वेलांटीकाकांनी कार्डं तपासली, दोन वेलांट्या बदलल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सगळी एकाच तोंडची आहेत."

"हो."

"मग उलट कार्डही त्याच तोंडचं लागणार. सरांनी सरळ उत्तर दिल्याचं."

खाली टायरवाला हवा भरत होता, त्याचा फुस्स आवाज तेवढा येत होता.

"काका, तुम्ही तीस वर्षं ओळखता त्यांना. कधी दिलंय?"

काकांनी बराच विचार केला. "एकदा. त्यांची अक्कलदाढ काढत होते. डॉक्टरने विचारलं, दुखतंय का. सर 'हो' म्हणाले. पण मी बाहेर बसलो होतो, मला डॉक्टरने सांगितलं. म्हणजे कानाने ऐकलेलं नाही. चालायचं नाही."

मग आम्ही सोपे प्रश्न घेऊन निघालो. काका आत गेले आणि म्हणाले, "सर, आज वार कोणता?" सर म्हणाले, "काल बुधवार होता ना? मग तर प्रश्नच नाही." मी विचारलं, "सर, चहात साखर घालू का?" सर म्हणाले, "तुझा हात कुठे हलका असतो." काकांनी शेवटचा उपाय म्हणून विचारलं, "सर, तुम्ही आता खुर्चीवर बसला आहात का?" सरांनी खुर्चीकडे खाली बघितलं आणि म्हणाले, "हिचा एक पाय डुगडुगतो, सुताराला बोलवा." काका बाहेर आले ते कपाळ पुसत. म्हणाले, "हा माणूस पालथा घडाही नाही, पालथ्या घड्याला निदान तळ तरी दिसतो."

शुक्रवार उजाडला. आत्याने सकाळी डबा देताना विचारलं, "मिळेल का गं सही?" मी म्हटलं, "नाही मिळणार." निघताना मला रडू आलं आणि मी रडलेही. ते लपवण्यात काय अर्थ आहे.

दुपारी दोन वाजता मी एकतीस कार्डांचा गठ्ठा सरांसमोर ठेवला. अर्जाचं नाव काढलं नाही. म्हटलं, "सर, 'डिफ्लेक्शन', तिसरा अर्थ. तपासायला."

कार्डं म्हटली की सर बदलतात. मान खाली, पेन्सिल हातात, जगाशी संबंध संपला. अर्जाला ते बगल देतील, मंडळाला देतील, सुताराला देतील, कार्डाला नाही. पहिलंच कार्ड वाचून त्यांचा चेहरा खुलला.

"वा. 'ण सुरेख येतो.' वा. बोलणारा कोण? 'संपादक' लिहिलंस. कुठला संपादक?"

"आहे एक ओळखीचा."

"अफाट माणूस आहे. बघितलंस, एकही वाक्य खोटं नाही. नकार नाही, होकार नाही, खोटंही नाही." त्यांनी एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. 'परवा'चं कार्ड वाचून ते मोठ्याने हसले. दहाव्या कार्डाला हसणं कमी झालं. प्रत्येक कार्डावर वरच्या ओळीत, नियमाप्रमाणे, समोरच्याचं आधीचं बोलणं लिहिलेलं होतं. एकतीस वेळा सहीचीच मागणी, माझ्या अक्षरात. विसाव्या कार्डानंतर सरांची पेन्सिल थांबली. उरलेली अकरा त्यांनी नुसती वाचली.

मग म्हणाले, "उलट कार्ड कुठे आहे?"

"मिळालं नाही, सर."

"शोधलंस?"

"मी शोधलं, काकांनी शोधलं. त्या माणसाने कधी सरळ उत्तर दिल्याचं कुणी ऐकलेलं नाही."

"मग नोंद अपुरी आहे."

"हो सर. गाळून टाकू या."

हे मी डाव म्हणून बोलले नव्हते. मी खरंच थकले होते. पण अकरा वर्षांत आमच्या कोशातून एकही शब्द गाळलेला नाही. सरांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या घराचं दारच काढून नेलं. "गाळायचा?" ते म्हणाले. "'ड'मधून?" दारात वेलांटीकाका येऊन उभे होते, बूट घालून. मंडळाचं कार्यालय तीन गल्ल्या पलीकडे आहे आणि घड्याळात पावणेतीन झाले होते.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"विचार," ते म्हणाले.

मी पिवळं कार्ड घेतलं. आत्याचं पेन काढलं. वरच्या ओळीत प्रश्न लिहिला आणि मोठ्याने विचारला, "सर, तुम्ही माझ्या अर्जावर सही का करत नाही?"

"'का' या शब्दाची गंमत अशी," सर सुरू झाले, आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. काकांनी दाराची चौकट घट्ट धरली. सर दोनदा बोलायला गेले आणि दोनदा थांबले. दाढ काढताना कसे दिसले असतील ते मला तेव्हा कळलं.

"नववा रकाना वाचला म्हणून," ते शेवटी म्हणाले.

माझा हात कार्डावरच राहिला. नववा रकाना म्हणजे 'मुख्य कार्यालयात बदली हवी आहे काय?' त्यापुढे मी 'होय' लिहिलं होतं, आणि खाली रेघ मारली होती. अर्ज भरला त्या दिवशी सरांनी माझी चाळीस कार्डं परत केली होती आणि मला वैताग आला होता. मुख्य कार्यालयात लिफ्ट आहे, माणशी एक टेबल आहे, आणि तिथले संपादक विचारलं की सांगतात असं मी ऐकून होते. सर ते वाचतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. जो माणूस साबणाच्या वेष्टणावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचतो, तो माझा अर्ज वाचणार नाही असं मला वाटलं होतं. बाकी मी स्वतःला हुशार समजते.

"सही केली तर तू तिकडे जाशील," सर म्हणाले. "नाही केली तर घरी जाशील. कसंही केलं तरी समोरची खुर्ची रिकामी. म्हणून पाच आठवडे कोपर उचलला नाही. उचलला असता तर काहीतरी करावं लागलं असतं. तुझ्याशिवाय मला 'ढ' काढता येणार नाही, आणि हे सांगायची मला लाज वाटत होती. झालं का लिहून?"

"झालं, सर."

"बघू." त्यांनी कार्ड वाचलं, 'लाज'नंतरचा स्वल्पविराम काढला आणि खाली तपासल्याची सही केली. मग कोपर उचलला, अर्ज पुढे ओढला आणि त्यावरही सही केली. एका झटक्यात. इतकी सोपी होती ती. काकांनी नाक पुसलं आणि अर्जासाठी हात पुढे केला.

सरांनी अर्ज दिला नाही. नवव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हा असाच राहू दे, की खोडायचा? खोडलास तर मी शेजारी सही करतो, चालतं मंडळाला. पण तू सांग. तुला जायचंय का?"

घड्याळात तीन वाजून गेले होते. काका माझ्याकडे बघत होते, सर माझ्याकडे बघत होते. मला जायचं होतं. लिफ्ट, टेबल, सगळं मला हवं होतं, आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते हवं असण्यात काही गैर नव्हतं. आणि समोर हा म्हातारा माणूस आम्ही ऐकलेलं पहिलं सरळ उत्तर देऊन बसला होता. 'हो' म्हटलं तर त्याला लागणार होतं. 'नाही' म्हटलं तर ते खोटं झालं असतं, निदान अर्धं. मी आत्याची भाची. माझ्या तोंडून सरळच निघणार म्हणून मी तोंड उघडलं.

"सर," मी म्हणाले, "थांबा, खिडकी लावते. कार्डं उडतील."

मी उठले आणि खिडकीपाशी गेले. ती सकाळपासून बंदच होती.